तेवीस होड्या

बावीस चिठ्ठ्या कमी पडत होत्या.

थ्वीने कचेरीच्या फळ्यावर खडूने काढलेल्या होड्या पुन्हा मोजल्या. वरच्या ओळीत अकरा: ‘बाजार पाण्यावरच राहू दे.’ खालच्या ओळीत बारा: ‘धक्क्यावर हलवा.’ कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक होडी म्हणजे चिठ्ठ्यांची एक जुडी.

“एका जुडीत किती चिठ्ठ्या?”

“दहा. आणखी किती असणार?” कारकून तोआन संत्रं सोलत म्हणाला. “घे, खा. साउ मावशीच्या होडीवरचं आहे. तिच्याकडे दहा मागितली की पिशवीत बारा पडतात. या कालव्यावरची रीतच आहे ती.”

“उत्तरं किती घरांनी दिली, तोआनदादा?”

“दोनशे बावन्न. घरटी एक चिठ्ठी.”

तेवीस होड्या, प्रत्येकी दहा. दोनशे तीस. जिल्ह्याहून थ्वीला पाठवलं होतं ते निकालावर शिक्का मारायला. चार वाजता तो बसला की उद्यापासून कालव्यात एकही होडी दुकान मांडू शकणार नव्हती. आणि साउ मावशीकडे त्या होडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

“बावीस कमी आहेत.”

तोआनचा हात थांबला. “मावशीला विचार. जुड्या तिनेच बांधल्यात. आपण हरतोय म्हटल्यावर धक्क्याच्या चिठ्ठ्या कालव्यात टाकल्या असतील.”

“फळ्यावर आकडे का लिहिले नाहीत?”

“आकडे कोण वाचतंय? लोकांना चित्र कळतं.”

साउ मावशी होडीत बसून संत्र्यांवर पाणी मारत होती. थ्वीला पाहून तिने मान फिरवली.

“चोर म्हणायला आलीस का पोरी? कचेरीतलं बोलणं इथवर ऐकू येतं.”

“धक्क्याच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे होत्या?”

“एकही नव्हती. पाण्यावरच्या तेवढ्या दिल्या तोआनने. म्हणाला, मावशी, तुझ्या हाताला सवय आहे, तुझ्या रीतीने बांध. बाकीच्या त्याने स्वतःच बांधल्या.”

थ्वी कचेरीत परतली. चिठ्ठ्यांचं खोकं उघडलं. अकरा जुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या, बारा रबराने. दोन्हींतली एकेक तिने तळहातावर ठेवून पाहिली. मग तिने भाताची खळ मागवली.

साडेतीनला होडीवाले जमले तेव्हा ती ओसरीच्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवत होती. आकडा नाही, होडी नाही. एका घराची एक चिठ्ठी, सगळ्या सारख्या मापाच्या, वर पाण्यावरच्यांची रांग, खाली धक्क्याच्यांची, दोन्ही एकाच खांबापासून सुरू. खालची रांग संपली. वरची पुढे गेली.

“एकही चिठ्ठी हरवलेली नाही,” थ्वी म्हणाली. “मावशीच्या जुडीत बारा आहेत, संत्र्यांसारख्या. रबराच्या जुडीत दहा. फळ्यावर मात्र दोन्हींची होडी सारखीच. म्हणून जास्त चिठ्ठ्या असलेली बाजू तिथे कमी दिसली.”

“मग चूक तिचीच,” तोआन म्हणाला. “ती बारा मोजते हे मला काय ठाऊक?”

“सकाळी संत्रं देताना तुम्हीच सांगितलंत, दादा.”

होडीवाल्यांत कोणीतरी खाकरलं.

“दोनशे बावन्न हा आकडाही तुमचाच. दहादहाच्या तेवीस जुड्यांत तो बसत नाही; म्हणजे जुड्या बांधण्याआधीच तुम्ही चिठ्ठ्या मोजल्या होत्या आणि धक्का हरतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर एक बाजू मावशीला दिलीत, दुसरी स्वतःकडे ठेवलीत आणि फळ्यावर आकड्यांऐवजी होड्या काढल्यात. कोणी बेरीज केलीच, तर चोर म्हणून दाखवायला मावशी होतीच.”

तोआन भिंतीकडे न बघता म्हणाला, “धक्क्यावरचा कोपऱ्याचा गाळा माझ्या मेहुण्याला मिळणार होता.”

थ्वीने शिक्क्याची डबी पिशवीत टाकली. “हा फळा पुसा. ही भिंत राहू दे.”

साउ मावशी पुढे आली. वरच्या रांगेच्या टोकाशी, जिथे खालची संपली होती, तिथून तिने एकेक चिठ्ठीवर बोट ठेवत मोजलं.

“बारा जास्त,” ती म्हणाली. मग तोआनकडे वळली. “म्हणजे आमच्या हिशेबाने दहा. उद्या संत्री घ्यायला येशील तेव्हा मात्र दहा म्हणजे दहाच मिळतील हं, बाबा.”