उपवासकाळातला एसी

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सुटाबुटात आमच्या फियाटच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होता, आणि मागच्या सीटवर नवरी घामाने भिजत होती.

नवरी म्हणजे माझी मामेबहीण ग्रेसी. करवली मी, इनेझ. आणि स्टिअरिंगवर पप्पा. ऐंशी-एक्क्याऐंशीचा तो काळ. भुईगावात एसीची गाडी एकच – आमची. पप्पा ती लग्नांना भाड्याने न्यायचे. लग्न लागून देवळातून मांडवाकडे वरात निघाली होती, पुढे बँड, मागे रांगत आमची फियाट. मध्येच एसी कण्हल्यासारखा वाजला आणि गरम वारा फेकायला लागला. ग्रेसीची पावडर ओघळली, तिच्या तोंडून नवरीला न शोभणारा शब्द निघाला... पप्पांनी गाडी थांबवली. वरातीतला एकजण पुढे होऊन बॉनेट उघडून आत वाकला, आणि मी तणतणत खाली उतरले.

"अहो, तुम्ही वऱ्हाडी की मेकॅनिक?"

"दोन्ही. नवऱ्याचा मित्र. युजीन, गास गावचा. बहरीनला गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, सध्या सुट्टीवर आलोय."

"मग काय झालंय ते सांगा ना!"

"सांगतो... पण तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हाल? म्हणजे कॉम्प्रेसर दिसेल. तसं आत्ता दिसतंय तेही वाईट नाही."

मी बाजूला झाले. कान मात्र तापले.

त्याने पप्पांना बोटावरचं काळं तेल दाखवलं. इंजिनच्या बेल्टवर फिरून गॅस दाबणारा तो लोखंडी डबा, म्हणजे कॉम्प्रेसर, गळत होता.

"एसी लावता कधी, काका?"

"लग्न असलं की. एरवी कशाला झिजवायचा?"

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. पावसाळ्यात लग्नं नाहीत, नाताळाआधीच्या आगमनकाळात नाहीत, आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, तर आमच्याकडे लग्न लागतच नाही. पप्पा एसी जिवापाड जपायचे, म्हणजे बंद ठेवायचे. बंद कॉम्प्रेसरच्या सीलला, म्हणजे गॅस अडवणाऱ्या कड्याला, तेल पोचत नाही. ते सुकतं, तडकतं, गॅस निसटतो. तेलाविना फिरून आमच्या कॉम्प्रेसरचे आतले भागही खरवडले गेले होते. बदलण्यावाचून इलाज नव्हता.

युजीनने मुंबईहून दुसरा कॉम्प्रेसर आणला आणि आमच्या अंगणात चिकूखाली बसवला. नळ्या धुतल्या, नवं तेल घातलं, पंपाने आतली हवा ओढून घेतली, मग गॅस भरला. मी चहा देत होते. एवढा चहा आमच्याकडे कुणी प्यायला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी कुणाला दिलाही नव्हता.

जाताना म्हणाला, "काका, आता दर रविवारी दहा मिनिटं एसी चालवायचा. उपवासकाळातसुद्धा."

पप्पा दचकले. "उपवासकाळात चैन? लोक मटण सोडतात, आणि आम्ही अंगणात एसी लावून बसायचं?"

"कॉम्प्रेसरला उपास झेपत नाही, काका."

पप्पा थेट फादरना विचारून आले. फादर म्हणाले म्हणे, यंत्राला पाप लागत नाही; आत बसणाऱ्यांनी तेवढं सांभाळावं.

आत बसायचो आम्ही, मी आणि युजीन. पप्पा गाडी चालवण्यात पटाईत, पण बॉनेटला हात लावायचे नाहीत. आई गेल्यापासून घरातल्या प्रत्येक नव्या वस्तूची जबाबदारी माझी. म्हणून रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, सुटली की युजीन मला शिकवायला यायचा. इंजिन बंद असताना बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा, सैल नको. एसी चालू केल्यावर नळीवरच्या छोट्या काचेत बुडबुडे दिसले तर गॅस कमी. मग दोघं आत, काचा वर.

आणि गंमत अशी, की समोरच्या ओट्यावर जुलियानामावशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची, गल्लीतली निम्मी माणसं कुंपणाशी रेंगाळायची... आम्ही सगळ्यांना दिसायचो, ऐकू मात्र काही जायचं नाही!

"समोर बघून बोल," तो म्हणायचा. "मावशीला वाटू दे, मी तेलाबद्दल सांगतोय."

"आणि खरं काय सांगतोयस?"

"की तू केसांत अबोली माळलीयस, आणि मला त्या काचेत बुडबुडे आहेत की नाहीत तेच कळलं नाही."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची. तिकडून मावशीही डोलवायची.

मला तो आवडत होता. लपवण्यात काय अर्थ आहे... आठवडाभर मी रविवारचीच वाट पाहत होते. म्हणून तर उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी त्याचं बोलणं काळजात रुतलं.

"आता तुला सगळं येतं. ईस्टरनंतरच्या शनिवारी माझं विमान. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे."

"म्हणजे मला शिकवत होतास ते यासाठी? तू गेल्यावर अडायला नको म्हणून?"

"इनेझ, समोर बघ –"

"नाही बघत!" मी सरळ त्याच्याकडे वळले. मावशीच्या हातातलं सूप थांबलं. "चाळीस दिवस बंद ठेवला तर कॉम्प्रेसर सुकतो म्हणतोस. मग मला दोन वर्षं ठेवून जाणार?"

तोही माझ्याकडे वळला. मग हळूच – "मी विचारणार होतो. ईस्टरला. आई म्हणते, उपवासकाळात मागणी घालत नाहीत..."

"अरे शहाण्या!" मला हसू आणि रडू एकदमच आलं. "देवळात तीन रविवार नावं पुकारल्याशिवाय लग्न लागतं का? ईस्टरला विचारलंस तर तिसऱ्या रविवारी तू बहरीनला! आज विचारलंस तर पुढचा रविवार, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार आणि ईस्टर... झाले तीन, शनिवारच्या आत लग्न!"

त्याने बोटांवर रविवार पुन्हा मोजले. "आज विचारलं तर... हो म्हणशील?"

"विचारून तर बघ."

विचारलं त्याने. कुठल्या शब्दांत, ते माझ्यापाशीच राहू दे. मी हो म्हटलं, आणि काच खाली केली.

"पप्पा, युजीनला तुमच्याशी बोलायचंय."

पप्पा चिकूखाली पेपर वाचत होते. "काच वर कर आधी! गारवा जातोय!" मग आमचे चेहरे पाहून उठले. युजीन बाहेर आला आणि सगळं एका दमात बोलून मोकळा झाला – मागणी, तीन रविवार, आधी तो एकटा जाणार, व्हिसा मिळाला की मला बोलावणार. जुलियानामावशी सुपासकट कुंपणापर्यंत पोचली होती.

पप्पांनी वळून रिकाम्या घराकडे पाहिलं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी गेले की या घरात ते एकटेच. इतका वेळ स्वतःच्याच आनंदात होते मी.

"व्हिसा लवकर काढ," ते युजीनला म्हणाले. "नाहीतर ही इथे माझ्यावर तापत बसेल, आणि हिला गार करायला कुठलाच एसी पुरायचा नाही."

मावशी खदखदून हसली. मला हसता आलं नाही.

"पप्पा... मग रविवारी गाडीचं कोण बघणार?"

पप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग गाडीपुढे गेले आणि स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं. युजीनने धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"ये इकडे," पप्पा मला म्हणाले. "तो बेल्ट कुठे दाबून बघायचा, ते दाखव मला."