सातवी सावली

ही घटना खरी आहे. ‘काहीही फेकता’ असं लिहिणाऱ्यांनी खुशाल लिहावं. खोटंच सांगायचं असतं, तर मी त्यात स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शुक्रवार. दुपारचे सव्वातीन.

कोगनोळीतलं आमचं घर. माडीवरची खोली.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

मी सौम्या. टॅबवर गोंडस चित्रं काढते. बारसं, जावळ, वाढदिवस, असल्या पत्रिकांसाठी. मोठं डोकं, इवलेसे हात, गुलाबी गाल. रेषा माझ्या. रंग आणि सावल्या माझ्या थोरल्या नणंदेच्या, दिपाली आक्कांच्या.

खरी करामत त्यांचीच होती. माझी माणसं हवेत तरंगायची. आक्का प्रत्येकाच्या पायाशी सावली टाकायच्या, मग ती जमिनीवर उभी राहायची. चित्राखाली नाव मात्र माझं एकटीचं.

आक्का सासर सोडून आलेल्या. मूल नव्हतं. नावं ठेवायला एवढं पुरतं आमच्याकडं.

मग मला मुलगी झाली.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आक्का सख्ख्या आत्या. नऊ महिने माझे पाय चेपले होते त्यांनी. नावही मनात ठरवलेलं. विचारलं की म्हणायच्या, “आधी लेकराच्या कानात. मग तुमाला.”

सासूबाई म्हणाल्या, “तिचं तोंड नको लेकराच्या कानाला लागाय. चिकोडीच्या रचनाला बोलवा.”

रचना म्हणजे चुलत नणंद. माझा नवरा नागेंद्र गप्प बसला. मीही गप्प बसले.

आणि आता लपवून काय करू? मलाही मनातून आक्कांचं तोंड नकोच होतं.

पत्रिकेचं चित्र मी काढलं. पाळण्याभोवती सहा माणसं. आक्का त्यात नाहीत. आणि रोजच्या सवयीनं... रंग भरायला ते त्यांच्याच हातात दिलं.

त्यांनी चित्र दोन बोटांनी मोठं करून बघितलं.

“पाळण्यापाशी वाकलीया, ती कोण गं?”

“रचनावन्सं.”

“व्हय?... बरं.”

एवढंच. रंग मात्र नेहमीपेक्षा सुरेख भरले.

बारशाला त्या खाली आल्याच नाहीत. रचनानं मोबाईलमध्ये शोधून ‘आर्वी’ नाव ठेवलं. महिन्याभरात आक्कांना तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सासूबाई ऊर बडवून रडल्या. मेल्यावर माया करायला काय जातंय!

तर तो शुक्रवार. एका गिऱ्हाइकाला तसंच चित्र हवं होतं, म्हणून मी जुनी फाईल उघडली. आर्वी शेजारी पाळण्यात झोपलेली.

माणसं सहा...

सावल्या सात.

सातवीला माणूसच नव्हतं. रचनाच्या पलीकडून ती पाळण्यापर्यंत आली होती.

छापलेली पत्रिका खालच्या कपाटात होती. खाली जाऊन ती बघितली. त्यात सावल्या सहाच.

म्हटलं, आक्कांनी नंतर रागानं काढली असेल. वर येऊन मी सातवी सावली पुसली. नीट, कडेपर्यंत. फाईल सेव्ह केली. टॅब टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला खाली आले.

दूध वर येत होतं, तेवढ्यात...

टक... टक... टक...

टॅबच्या काचेवर पेन टेकल्याचा आवाज. हलका, सराईत. सहा वर्षं ऐकलेला.

घरात मी आणि पोरगी, दोघीच होतो.

मी जिन्यावर धावले. अर्ध्यात पोहोचले आणि आवाज थांबला. मग...

“कुर्रर्र...”

बारशाला आत्या बाळाच्या कानात करते ना, तसं. त्यानंतर नाव सांगतात. बाया हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालतात.

धपाटे नव्हते. हसणं नव्हतं. एक कुजबूज होती, आणि ती मला कळली नाही.

मी दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. टॅब चालू होता. सातवी सावली परत आली होती... आणि आता ती पाळण्यावर वाकलेली होती.

आर्वी जागी होती. मान एका बाजूला. कान वर. हसत होती.

मी ती फाईल काढून टाकली. टॅब विकला. चित्रं बंद केली. सासूबाईंनी अंगारा लावला, लिंबं उतरवली. मला त्यांचा राग येतो. आणि माझा त्याहून जास्त.

आर्वी आता सव्वा वर्षाची आहे. ‘आर्वी’ म्हणून कितीही ओरडा, बघत नाही. खुळखुळा वाजवला की लगेच वळते. निपाणीच्या डॉक्टरांनी कान तपासले. चांगले आहेत म्हणाले.

पण माडीवर खेळता खेळता ती मध्येच थांबते...

पाळणा होता त्या कोपऱ्याकडं वळते. खुदकन हसते. दोन्ही हात वर करून तुरुतुरु जाते.

हाक मारल्यावर लेकरं जातात तशी.

परवा मी त्या कोपऱ्यात गुडघे टेकले. “आक्का, चुकलं माझं. लई चुकलं. नाव तेवढं सांगा की. मला बी माझ्या लेकीला हाक मारायची हाय.”

काहीच ऐकू आलं नाही.

पोरीला मात्र आलं असावं. ती माझ्या अंगावरून पलीकडं बघत हसत होती. मी रडत होते, तरी माझ्याकडं तिनं मान वळवली नाही.