रबाळ्याचा गोल ठिपका

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हे वाचूच नका. गेल्या डिसेंबरात, शनिवारी भरदुपारी, रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत हे घडलं. खरं आहे. माझा मावसभाऊ यशराज तिथे होता आणि त्याला थापा मारता येत नाहीत... असं मला तोवर वाटायचं.

त्याचं काम म्हणजे वायूत लेझर सोडायचा, वायूचा प्लाझ्मा करायचा आणि त्या प्लाझ्माच्या लाटेवर इलेक्ट्रॉन पळवायचे. इलेक्ट्रॉनांचा झोत चांगला असला तर पडद्यावर बारीक गोल ठिपका. वाईट असला तर ताक सांडल्यासारखा डाग.

वर्षभर डागच.

ठिपका आणला तो हितेशने. दिघ्याचा पोरगा, यशराजचा जोडीदार. वायूचा दाब नेमका कुठे उतरवायचा, हे त्याने शोधलं. मग पावसाळ्यात डेंग्यूने गेला बिचारा. आणि यशराजने तो शोध गुपचूप आपल्या नावावर लावला.

त्या शनिवारी प्रमुख राजेश्वरी मॅडमनी पाहुणे बोलावले होते. हितेशची आई पुतळाबाई, तीही आली होती. पोरगा कुठे काम करायचा ते बघायला.

यशराजने झोत सोडला.

डाग.

पुन्हा सोडला... डाग.

पुतळाबाईंनी हळूच विचारलं, "माजे हितेशचा काम काय व्हता यान?"

सगळे यशराजकडे बघायला लागले. खरं काय ते एका वाक्यात सांगायचं होतं, बस्स.

"मला मदत करायचा, मावशी."

तेवढ्यात... शेजारची रिकामी खुर्ची करकरली.

दाबाची कळ हळूहळू फिरली.

तिच्यावर कोणाचाच हात नव्हता...

पडद्यावर ठिपका आला. गोल, स्वच्छ. पुन्हा तोच. पुन्हा तोच.

टाळ्या पडल्या. कळीकडे दुसऱ्या कोणाचं लक्षच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास यशराज. हे तुझंच डोकं ना?"

"हो," तो म्हणाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. हितेशने गळा धरला असता तरी चाललं असतं. पण तो तर जिवंतपणी करायचा तेच करत होता. यशराजची लाज राखत होता.

निघताना पुतळाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माजे पोराला संगं घेतलास बाला. तुजा भला होवो."

तेव्हापासून झोत एकदाही बिघडलेला नाही. का, ते कोणालाच सांगता येत नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे जा, सांग त्यांना. दिघा काय लांब आहे?" तो अजून गेलेला नाही.

परवा पुतळाबाईंनी त्याला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवली. हितेशला आवडायची म्हणून.

यशराजने ती खाल्ली.