सोमवारी ये

आमच्याकडचे रोगी म्हणजे शेतमजूर, पिकांमागे फिरतात. इथली द्राक्षं संपली की सफरचंदं तोडायला, वर वॉशिंग्टन राज्यात. म्हणून आम्ही दवाखान्यांनी मिळून एक रीत पाडली: माणूस निघायच्या आत त्याची फाइल पुढच्या दवाखान्यात पोचलीच पाहिजे. इथली नर्स मी, ओफेलिया. तिथली मार्लिस. एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण फोनवर सख्ख्या बहिणींसारख्या भांडतो.

फिदेन्सिओला क्षय होता. सहा महिने औषध, आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं.

"बाई, दातपण मोजता काय?" दर वेळी हेच विचारायचा मेला.

गावी, मेक्सिकोत, त्याला मुलगी झाली होती. औषध पुरं झाल्याशिवाय तिला उचलून घ्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

त्या शुक्रवारी उन्हानं कहर केला होता. तो आला, वजन भरलं एकशे एकतीस पौंड, गोळ्या गिळल्या. आता चौदा खेपा उरल्या. डोकं गरगरतंय म्हणाला. बाहेर तीस माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, "पाणी पी, सावलीत बस. सोमवारी ये, डॉक्टरांना दाखवू." त्याचा हात कोरडा ठणठणीत लागला होता. एवढ्या उन्हात घाम नाही, ही उष्माघाताची खूण, आणि वीस वर्षं नर्सचं काम करून ती मला खटकली नाही.

शनिवारी तो द्राक्षांच्या ओळीत कोसळला तो उठलाच नाही. शवपेटी गावी गेली. खेपांची नोंद असलेलं औषधाचं कार्ड मीच त्याच्या खिशात ठेवलं.

द्राक्षं संपत आली होती, म्हणून फाइल मात्र शुक्रवारीच पुढे गेली होती. मार्लिसला कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, माझी जीभच रेटेना.

दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"तुझा फिदेन्सिओ आला गं. गोळ्या घेतल्या."

"दुसरा कुणी असेल."

"कार्ड त्याचंच आहे की. आणि मला विचारतो, दातपण मोजता काय!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. घेऊ दे, म्हटलं. होऊ दे पुरं.

दर आठवड्याला फोन. वजन तेच, एकशे एकतीस. आला की घटाघटा पाणी पितो, म्हणायची, आणि तहान काही भागत नाही.

आज चौदावी खेप झाली.

"सुटला एकदाचा!" मार्लिस म्हणाली. "औषध पुरं झाल्याचा दाखला हातात दिला. म्हटलं, जा आता, घे लेकीला. तर उठायलाच तयार नाही."

"का?"

"म्हणतो, बाईंनी सोमवारी बोलावलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. कुठल्या सोमवारी, तेवढं विचारून सांगा."

मी कॅलेंडर जवळ ओढलं.

"ओफे, बाकावर बसलाय तो. काय सांगू गं त्याला?"