मोराची वर्गवारी

परक्या तरुणाने दुकानात यावे, गल्ल्याजवळचा प्लास्टिकचा मोर उचलावा आणि भाव विचारायचे सोडून खिशातून पेचकस काढून त्याचे पोटच उघडावे, असे गिऱ्हाईक संग्रामपूरच्या बाजारात गुलनाजने उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

"विकत घ्याले आले, का इलाज कराले?" तिने विचारले.

"हा आहे कोण, ते पाहाले," तो मान वर न करता म्हणाला.

तो आसिम, मूळचा मेहकरचा. बंदरावर आलेला परदेशी माल सोडवून देणाऱ्या दलालाकडे तो कामाला होता. गुलनाजचे वडील फकीर मोहम्मद यांनी मागवलेले दोन हजार मोर बंदरात अडकले होते. दुकानातला हा नमुन्याचा. मोर पिसारा फुलवी, पोटातले घड्याळ वेळ दाखवी आणि डोक्यावर टिचकी मारताच तो निळाशार उजळे. जकातीच्या कागदावर मात्र नाव एकच लिहायचे होते: खेळणे, घड्याळ की दिवा? खेळणे ठरले तर सरकारी गुणवत्तेचा शिक्का हवा, आणि तो मोरांवर नव्हता. सगळा माल आल्या वाटेने परत गेला असता. वडिलांनी दिवा लिहून मोकळे व्हायला सांगितले. आसिमने अदबीने नकार दिला. जे असेल तेच लिहीन, म्हणाला.

हा ताठपणा गुलनाजला आवडला. पण तसे दाखवण्याइतकी ती भोळी नव्हती. मग हे ठरते तरी कसे, असे तिने विचारले. त्याने समजावले, की अनेक नावे लागू पडत असतील तर वस्तूचा गाभा पाहायचा: काय काढून घेतले असता ती वस्तू ती उरत नाही? तेवढ्यानेही ठरले नाही, तर त्या नावांपैकी जकातीच्या यादीत जे शेवटी येईल ते घ्यायचे; आणि या तिघांत खेळणेच शेवटी होते.

"म्हंजे शेवटच्याचं नशीब."

"कायदा आहे जी."

"मग मी पाहते गाभा. तुम्ही पुढच्या बाजाराले या."

तो आला; त्याच्या पुढच्या बाजारालाही आला. गुलनाजने पहिल्या आठवड्यात घड्याळ काढून ठेवले, कोणाच्या ध्यानातही आले नाही. पिसारा दोऱ्याने बांधला, तरी भाव विचारणारे गिऱ्हाईक घटले नाही. शेवटी दिवा काढला, तेव्हा मोराला कोणी हात लावीना. डोंगराकडच्या विमलबाईंनी तर त्याआधीच सरळ विचारले होते, लाइन गेल्यावर उजेड किती वेळ पुरतो? आसिम हे सारे वहीत टिपून घेत होता... आणि चहा निवत होता. वहीतून त्याची नजर वर येई, तेव्हा गुलनाज नेमकी दुसरीकडे पाहत असे.

मोर दिवा ठरला, माल सुटला. ते सांगायला आसिम स्वतः आला. फोनवर भागले असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

"आता तुमचं इथं काम नाही," ती म्हणाली. मग मोराची धूळ पुसता पुसता तिने सांगितले, की खामगावचे आणि मलकापूरचे अशी दोन स्थळे आली आहेत. जुम्म्यापर्यंत अब्बांना उत्तर द्यायचे आहे.

आसिमने पेचकस या हातातून त्या हातात घेतला.

"आणखी एक आलं... तर? म्हंजे, ठरत नसलं, तर कायद्यानं शेवटी आलेलं—"

"तो कायदा तुम्हाले लागू नाही."

त्याचा चेहरा उतरला. गुलनाजने मोराच्या डोक्यावर टिचकी मारली. निळा उजेड दोघांच्या हातांवर सांडला.

"गाभ्यानं ठरत नसलं तरच शेवटचं घ्याचं, तुम्हीच सांगतलं होतं," ती हलकेच म्हणाली. "माह्यं तर तवाच ठरलं... अब्बांनं दिवा लिहा म्हणलं, अन् तुम्ही नाही म्हणले तवा."

आसिमने पेचकस खिशात टाकला. मग तिने पदर सावरला आणि दुकानाच्या मालकिणीच्या थाटात फर्मावले,

"जुम्म्याले घरी या, वडिलांले घेऊन. अन् तो पेचकस आणू नका. माणूस उघडून पाहाचं काम अब्बांचं आहे."