आत्याचा उजवा हात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वाकत नाहीत. भाजी चिरतानासुद्धा ती सुरी डाव्या हातात धरते.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. शाळेच्या प्रयोगशाळेत लख्ख ऊन आलं होतं आणि समोर नववीची बत्तीस मुलं बसली होती.

बत्तीस साक्षीदार.

आत्या जीवशास्त्र शिकवायची. बावीस वर्षं शिकवलं, आणि बावीस वर्षांत एका मुलावर हात उगारला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये. पुढचं कळायला हे आधी माहीत असायला हवं.

तिचं शिकवणं म्हणजे खेळच असायचा. नाडी शिकवायची म्हटलं की पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायची आणि मग मनगट धरून ठोके मोजायला सांगायची. पानावर नेलपॉलिशचा थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने अलगद सोलायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पानाची छिद्रं बघायची, ही तिची आवडती युक्ती. घरी आम्ही तिच्या नेलपॉलिशच्या बाटल्यांवरून तिला चिडवायचो, कारण स्वतःच्या नखांना तिने कधी रंग लावला नाही. मुलांनी तिचं नाव पाडलं होतं पेशीबाई. तिला ते कळलं तेव्हा ती पोट धरून हसली होती.

जिथे हे घडलं त्या शाळेत ती वर्षाच्या मध्येच रुजू झाली. आधीचे सर अचानक सोडून गेले होते.

"का गेले?" तिने मुख्याध्यापकांना विचारलं.

"तब्येत," ते म्हणाले आणि वेळापत्रक पुढे सरकवलं.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. समोर शिक्षकाचं जाडजूड लाकडी टेबल. बाजूला हात धुवायचं बेसिन आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट. तिथले प्रयोगशाळा सहायक साठीला टेकलेले होते. सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचे.

पहिल्याच दिवशी आत्याने फळ्यावर आकृती काढली आणि म्हणाली, "काका, दाखवायला एक काठी द्या."

"काठी नाही, बाई."

"बरं, मीटरपट्टी?"

"नाही."

"प्रयोगशाळेत मीटरपट्टी नाही? मग झाडू तरी आहे का?" ती गमतीने म्हणाली.

काका हसले नाहीत.

"झाडू बाहेर असतो. मी आणतो, मी नेतो."

तेव्हा तिच्या लक्षात आलं... त्या खोलीत हातात धरून उगारता येईल अशी एकही वस्तू नव्हती. पडद्यांचे दांडेसुद्धा काढलेले. पडदे सुतळीने खिळ्यांना बांधले होते.

तिला वाटलं, म्हातारबुवा जरा चक्रम असावेत.

चौथ्या दिवशी ती फळ्याकडे तोंड करून लिहीत होती.

मागून आवाज आला...

सप्.

बारीक काठी हवेतून जोरात फिरवली की येतो ना, तसा.

ती वळली. सगळी मुलं खाली मान घालून आकृती काढत होती. कुणाच्या हातात पेन्सिलीशिवाय काही नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. सप्. कधी डाव्या बाजूने, कधी अगदी कानाजवळून. मुलांना ऐकू यायचं नाही. काकांना मात्र यायचं... कारण तो आवाज झाला की ते हातातलं काम थांबवून आत्याच्या उजव्या हाताकडे बघायचे.

हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. घरी नाही, शिक्षकखोलीत नाही. फक्त त्या टेबलापाशी.

माझे बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "साखर वाढली असेल, तपासून घे." तिने तपासली. काही नव्हतं.

वर्गात एक मुलगी होती. बारीक चणीची, पहिल्या बाकावर बसणारी. सतत प्रश्न. मुलं तिला प्रश्नपेटी म्हणायची. आत्याचा तिच्यावर फार जीव.

एक दिवस ती वही घेऊन आली. डोळे भरलेले.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

आत्याने वही उघडली.

उत्तर बरोबर होतं. पण त्यावर लाल पेनाची रेघ ओढलेली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्याच जागी... इतकी दाबून, की खालची सहा पानं फाटली होती.

वह्या आदल्या दिवशी आत्यानेच तपासल्या होत्या. त्याच टेबलावर बसून.

ही रेघ ओढल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिने मुलीला नवी वही आणून दिली, माफी मागितली. स्वतःची समजूत घातली, थकवा असेल. आणि पुढच्या मंगळवारच्या तासाची तयारी करायला लागली.

धडा होता प्रतिक्षिप्त क्रिया.

"गरम तव्याला बोट लागलं, की हात आधी मागे येतो आणि मग आपल्याला कळतं की भाजलं," आत्या सांगत होती. "मेंदूची परवानगी घ्यायला तो थांबत नाही."

"म्हणजे हात स्वतःच ठरवतो, मॅडम?" अर्थात प्रश्नपेटी.

"हात नाही गं, मज्जारज्जू ठरवतो. आता दुसरा प्रकार बघू. यात मेंदू लागतो."

त्यासाठी तिने गणिताच्या सरांकडून लाकडी मीटरपट्टी मागून आणली होती. एकाने पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली त्यावरून कळतं, प्रतिसादाला किती वेळ लागला.

काका तेव्हा लोखंडी कपाट उघडून सूक्ष्मदर्शक बाहेर काढत होते. त्यांनी पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, ती इकडे द्या."

"काका, दहा मिनिटांत देते."

"बाई, तुमच्या पाया पडतो. द्या ती."

मुलं हसायला लागली. आत्या ओशाळली, आणि तिने पट्टी दिली नाही. या एका गोष्टीसाठी ती आजही स्वतःला माफ करत नाही.

मुलांचे आकडे फळ्यावर चढले. अठरा. बावीस. पंधरा. वर्गात नुसता गोंधळ आणि हशा.

"आता मॅडम!" कुणीतरी ओरडलं.

प्रश्नपेटी पुढे आली. टाचा उंच करून तिने पट्टी धरली. आत्याने खाली उजव्या हाताची चिमटी केली.

पट्टी सुटली.

आकडा आला... शून्य.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आत्या हसली, पण आतून चरकली. शून्य येऊच शकत नाही. डोळ्यांनी बघायचं, मेंदूने हुकूम द्यायचा, बोटांनी मिटायचं. यात वेळ जातोच.

"पुन्हा कर."

पुन्हा शून्य.

तिसऱ्या वेळी मुलीने पट्टी सोडायच्या आधीच चिमटी मिटली होती.

आणि ती उघडेना.

आत्याने बोटं उघडायचा प्रयत्न केला. बोटांना ते कळलंच नाही. उलट ती एकेक करून पट्टीभोवती आवळत गेली. मूठ झाली. मूठ वर गेली.

"मॅडम?" मुलगी म्हणाली.

सप्.

या वेळी तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

पट्टी मुलीच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. ती टेबल आणि बेसिन यांच्या मधल्या फटीत कोसळली. तिथून बाहेर पडायला वाट नव्हती.

"बाहेर पळा! सगळे बाहेर!" आत्या किंचाळली. तोंड तिचं होतं, डोळ्यांतलं पाणी तिचं होतं. हात तिचा नव्हता.

तो दुसऱ्यांदा वर गेला. आता नेम डोक्यावर होता.

काकांनी मध्ये उडी घेतली. त्यांनी आडवा धरलेला हात कोपराखाली काडीसारखा मोडला. तरी ते हलले नाहीत. मुलीवर पालथे पडून राहिले. पट्टी त्यांच्या पाठीवर बसत राहिली. एक. दोन. तीन. पाचव्या फटक्याला पट्टी उभी चिरली आणि तिचं टोक भाल्यासारखं अणकुचीदार झालं. काकांच्या शर्टावर रक्त पसरत गेलं.

आत्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. पाठ कपाटावर आदळली. कपाटाचं दार उघडंच होतं.

तिने उजवा हात आत ढकलला. खांद्याने दार आपटलं.

लोखंडी दार. बोटांवर.

मूठ सुटली नाही.

आणि हे सांगताना आत्या नेहमी थांबते...

हात मागे आला नाही. दचकलासुद्धा नाही. तव्यावरून मागे येतो तो हात, टाचणी टोचली तर मागे येतो तो हात, दारात चिरडला जात होता आणि मागे येत नव्हता. उलट तो पट्टी घेऊन बाहेर यायला बघत होता. मुलीच्या दिशेने.

तिने दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा. बोटांची कातडी फाटली, आतलं पांढरं दिसलं. वेदना तिला होत होत्या, पुरेपूर. हाताला होत नव्हत्या.

चौथ्यांदा तिने सगळं वजन टाकलं.

पट्टी खाली पडली.

मग एकदम, लहान मूल दचकावं तसा हात आखडला... आणि पुन्हा तिचा झाला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मुलीची आई समोर आली आणि तिने आत्याच्या कानाखाली एक सणसणीत मारली. आत्या म्हणाली, "अजून मारा." त्या बाईने तोंड फिरवलं. चौकशीच्या कागदावर आत्याने स्वतः लिहिलं: मी मारलं. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार? नोकरी गेली. शिक्षा झाली ती तिने भोगली.

एकदाच, प्लास्टर काढल्यावर, मुलगी आईसोबत घरी आली होती.

"मॅडम, तुम्ही रडत होतात," ती म्हणाली. "आणि हात मारत होता. मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकत नाही."

काकांना ती नंतर भेटली. त्यांचा हात वाकडाच जुळला होता आणि त्यांना सक्तीने घरी बसवलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"होतं."

"आधीचे सर?"

"देवमाणूस. एकोणीस वर्षं मुंगी मारली नाही. मग एक दिवस पडद्याचा दांडा काढला." काकांनी वाकडा हात मांडीवर घेतला. "त्यांच्या आधी एक बाई होत्या. मी लागलो तेव्हापासून तिसऱ्या तुम्ही."

"आणि तुम्ही लागायच्या आधी?"

"कुणाला विचारू, बाई? मी लागलो तेव्हा पडदे नवे होते आणि भिंतीला ताजा रंग दिलेला होता."

"मला सांगितलं का नाहीत?"

"त्या सरांना सांगितलं होतं," काका म्हणाले. "ते हसले होते."

या सगळ्याला तीन वर्षं झाली. आत्या आमच्याकडेच राहते.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. तरुण मुलीचा आवाज. अगदी हळू बोलत होती.

"मॅडम, मी तुमच्या जागेवर आले आहे. जीवशास्त्र. नंबर काकांच्या घरी जाऊन घेतला. एकच विचारायचं होतं... तुमचा कोणता हात होता?"

आत्या उभी होती ती खाली बसली.

"उजवा."

"माझा डावा आहे," ती म्हणाली.

"बाळा, ऐक. त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. आत्ता कुठे आहेस तू?"

"तास चालू आहे, मॅडम. मुलं अगदी शांत बसली आहेत."

आणि मग आत्याला फोनमधून ते ऐकू आलं.

सप्.

फोन बंद झाला. आत्याने लगेच मुख्याध्यापकांना लावला. मी शेजारीच होते. ती काय ओरडत होती ते तिलाच कळत नव्हतं. ते म्हणाले, "थांबा, बघून येतो." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांच्या बुटांचा आवाज लांब गेला.

आम्ही अकरा मिनिटं थांबलो.

कुणी परत आलं नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा, घडी घातल्यासारखा.

"नवीन बाई रजेवर गेल्या आहेत. प्रयोगशाळा काही दिवस बंद ठेवतोय. तुम्ही काळजी करू नका."

"आणि मुलं?" आत्याने विचारलं.

"मुलं घरी गेली."

"सगळी?"

त्यांनी फोन ठेवला.