मार्केसानसरांचा काळा कोट

जेवणं उरकली होती. संहितानं मोठा दिवा मालवला, अनिमेष पायावर पांघरूण घेऊन सरसावून बसला. विश्वासकाकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"भुताखेतांच्या बाता मी मारत नाही," ते म्हणाले. "पण वसुधाला मी वीस वर्षं ओळखतो. बाई खोटं बोलणारी नव्हे. एकदाच बोलली, आणि त्याचीच ही हकिकत."

तारीख बारा फेब्रुवारी दोन हजार एकवीस, वार शुक्रवार. कालवे गोठलेले. रात्री नऊनंतर संचारबंदी. वसुधा झुइडासच्या ऑफिसांच्या भागात एका बँकेत, पण तेव्हा काम घरूनच, इथे बाडहूव्हडॉर्प गावात. संध्याकाळी सव्वासातला इटलीहून फोन आला. मार्केसानसरांची भाची.

"मला काही येता येत नाही. उद्या मामांना पुरायचं आहे. कपाटातला काळा कोट तेवढा काढून आणशील? सकाळी आठला अंत्यविधीवाल्या बाई तुझ्याकडून नेतील."

सरांच्या घराची किल्ली वसुधाकडे होतीच. लॉकडाउनमध्ये सरांचं सामानसुमान तीच पोचवायची.

हे तुल्लिओ मार्केसान म्हणजे वेनिसजवळच्या एका न्हाव्याचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी व्हायोलिनचं मोठं बक्षीस मिळवलं, मग इथल्या ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवर तीस वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी भर कार्यक्रमात डाव्या हाताची बोटं थरथरली. गत अर्धी टाकून माणूस स्टेजवरून उतरला, त्यानं परत कधी वाजवलं नाही. सतरा वर्षं नुसतं शिकवलं. तोंडानं, आणि स्टँडवर पेन्सिल आपटून. त्यांचे शिष्य व्हिएन्नापासून तोक्योपर्यंत.

"आणि वसुधामावशी?" संहितानं विचारलं.

वसुधा चाळिशीत शिकायला लागलेली. तिच्यावर ते चिडायचे, पण जीवही लावायचे. जानेवारीत म्हणाले, कॉम्प्युटरमधून सूर मेलेला येतो, तू घरी ये. त्या दिवशी तिचा घसा खवखवत होता. त्यांनी दारातच विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "अगदी बरी." तासभर शेजारी बसली. आठव्या दिवशी सर हॉस्पिटलात. मंगळवारी गेले.

तर, आठ वाजून दहा मिनिटांनी तिनं सरांच्या इमारतीखाली सायकल लावली. तिसरा मजला. घर बंद असल्यानं आत बाहेरच्यापेक्षा गारठा. पॅसेजमधलं कपाट उघडलं. कोट सापडला, धोब्याकडून आलेला, प्लॅस्टिकमध्ये. तो हातावर घेतला, तेवढ्यात...

आतल्या खोलीत कुणीतरी तार छेडली.

मग दुसरी. तारा जुळवत होतं कुणीतरी, सावकाश, खुंटी पिळत.

वसुधाला वाटलं, शेजारच्या घरातून येत असेल. मग गत सुरू झाली. सुंदर. इतकी सुंदर की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मध्येच सूर थरथरला. तुटला.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच तुटला.

सरांची व्हायोलिनची पेटी तिच्या समोर होती. त्याच कपाटात, वरच्या फळीवर. तिनं ती खाली काढली. खटके उघडले. व्हायोलिन आत होतं. गजही होता.

आतून मात्र वाजतच होतं.

तिसऱ्यांदा... चौथ्यांदा... खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आत अंधार. शेवटी ती कशीबशी बोलली.

"सर... त्या दिवशी माझा घसा दुखत होता. मी सांगितलं नाही."

सूर थांबला.



मग, टक. टक. टक. टक.

स्टँडवर पेन्सिल. शिष्यानं वाजवायला घ्यावं म्हणून सर ठोकायचे, तशी. ती हलली नाही. पुन्हा चार ठोके. जरा जोरात. पुन्हा. दाराच्या आणखी जवळ.

वसुधानं कोट छातीशी धरला आणि जिना उतरली. किती पायऱ्या चुकल्या, तिला आठवत नाही. पेटी तिथेच जमिनीवर उघडी राहिली.

घरी पोचली तेव्हा साडेनऊ. रात्रभर झोप नाही. सकाळी आठला बाई आल्या, कोट घेऊन गेल्या. दहाला त्यांचाच फोन.

"एक विचारू? हे गृहस्थ शेवटपर्यंत व्हायोलिन वाजवत होते का?"

"नाही. सतरा वर्षांत हातही लावला नाही."



"मग तुम्ही इथे येऊन जा," बाई म्हणाल्या.

गेली. सरांना कोट घातलेला होता. बाईंनी कॉलर जराशी बाजूला केली. डाव्या जबड्याखाली, मानेवर, लालभडक वळ. दोन बोटं रुंद. कातडं सोललेलं. तासन्‌तास व्हायोलिन हनुवटीखाली दाबून धरणाऱ्यांना पडतो, तसा.

"मंगळवारी मीच यांना अंघोळ घातली," बाई म्हणाल्या. "तेव्हा इथे काही नव्हतं."

वसुधानं बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.